हातांचे काय करायचे?

हात हे माणसाचे सर्वांत इमानी नोकर. सकाळी दात घासण्यापासून रात्री दिवा मालवण्यापर्यंत ते बिनबोभाट राबतात आणि आपण आहोत याची जाणीवसुद्धा मालकाला होऊ देत नाहीत. पण त्याच मालकाला चार लोकांसमोर, दोन फूट उंचीच्या फळ्यांवर उभे करा. त्या क्षणी त्याला शोध लागतो की, आपल्या खांद्यांना दोन हात लोंबत आहेत, ते अंमळ जास्तच लांब आहेत आणि त्यांचे काय करायचे हे आपल्याला आजवर कोणीच शिकवलेले नाही. तो ते पाठीमागे बांधतो, मग पुढे बांधतो, मग एक खिशात कोंबतो आणि दुसऱ्याने कान चोळतो. मुलगी असली तर ओढणीचे टोक बोटाला गुंडाळते, सोडते आणि पुन्हा गुंडाळते.

एका माध्यमिक शाळेत मी २७ वर्षे मराठी शिकवले. त्यांपैकी १९ वर्षे दर शनिवारी, शाळा सुटल्यावर दोन तास, आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा नाट्यवर्ग घेतला. एवढ्या काळात मुलांनी मला पुष्कळ प्रश्न विचारले. पण ज्या प्रश्नाने मी झोपेतसुद्धा दचकून उठावे इतक्यांदा तो कानी पडला, तो हाच: "बाई, हातांचं काय करू?"

आईबापांचे प्रश्न वेगळे असत. "आमचा फार बुजरा आहे हो, जरा धीट करून द्या," असे म्हणून एखादे वडील मुलाला माझ्या स्वाधीन करीत, ते गिरणीत दळण टाकून जावे तसे. तासाभराने येऊन पीठ घेऊन जायचे तेवढे बाकी. एका गृहस्थांना मालिकांत काम मिळवून देण्याचा माझा दर काय आहे हे जाणून घ्यायचे होते. एकदा एक आजीबाई नातीला घेऊन आल्या. त्यांचा चेहरा फार त्रासलेला दिसला. म्हणाल्या, "घरी ही दिवसभर नाटकंच करते. इथं आणखी कशाला घालायची?" मला विचाराल, तर सगळ्या पालकांत विषयाच्या सर्वांत जवळ पोचल्या त्या या आजीबाईच. मुले नाटक करीतच असतात. वडिलांनी प्रगतिपुस्तक मागितल्यावर मुलगा ज्या सहजतेने दप्तरात हात घालून "शाळेतच राहिलं वाटतं" असे म्हणतो, ती सहजता रंगमंचावर आणायला पुढे त्याच मुलाला महिनेच्या महिने लागतात. असे का व्हावे?

याचे उत्तर मी दर वर्षी जूनमधल्या पहिल्याच शनिवारी मुलांकडूनच काढून घेत असे. अर्ध्या वर्गाला रंगमंचावर ओळीने उभे करायचे आणि उरलेल्या अर्ध्याला समोर बसवायचे. वरच्यांनी काही करायचे नाही, खालच्यांनी फक्त बघायचे. मीही गप्प. दहा सेकंद ठीक जातात. मग एकाला खोकला येतो, दुसरी फिदीफिदी हसते, तिसऱ्याचा पाय थरथरू लागतो. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. त्यांत सात्त्विक सर्वांत दुर्घट, कारण त्यातले भाव अंतःकरण हलल्याशिवाय अंगावर उमटत नाहीत. ते आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे खिळून जाणे, घाम फुटणे, अंगावर काटा, आवाज चिरकणे, कंप, चेहरा पांढरा पडणे, रडू आणि मूर्च्छा. थोर नट जन्मभर तपश्चर्या करतात तेव्हा यांतला एखादा त्यांना वश होतो. आठवी 'ब'मधल्या मुलाला मात्र पहिले सहा अर्ध्या मिनिटात एकदम प्राप्त होतात! अश्रू सहसा घरी गेल्यावर येतात. आणि प्रलय माझ्या कारकिर्दीत एकदाच आला, तोही मुलगा सकाळपासून उपाशी होता म्हणून.

अर्ध्या मिनिटानंतर मी म्हणत असे, "आता या सभागृहाच्या खिडक्यांना मिळून गज किती आहेत ते मोजा बघू. मनातल्या मनात."

एवढ्या एका वाक्याने जादू होते. ओठ हलू लागतात, माना वळतात, भुवया जुळतात. खोकला थांबतो. पायांची थरथर थांबते. आणि हात? ते कुठे गेले कोणालाच ठाऊक नसते. "काय फरक पडला?" असे मी खाली बसलेल्यांना विचारीत असे. एका मुलीने एकदा फार छान उत्तर दिले, "बाई, आधी ते आपल्याकडे बघत होते की आपण त्यांच्याकडे बघतोय का. आता ते नुसतेच बघतायत."

हा प्रयोग माझा नव्हे. व्हायोला स्पोलिन या अमेरिकन बाईंचा आहे. शिकागोत परदेशांतून आलेल्या गोरगरीब मुलांना नाटक शिकवता शिकवता त्यांनी असे शेकडो खेळ रचले आणि १९६३ साली त्यांचे जाडजूड पुस्तक काढले. त्यातले निम्मे खेळ आपल्या अंगणात खेळता येतील इतके साधे आहेत. रंगमंचावर माणूस अवघडतो याचे कारण त्याला काम नसते, हे या बाईंनी ओळखले. हातांचे काय करायचे, तर त्यांना काम द्यायचे. अभिनयावर जगात पुष्कळ ग्रंथ झाले आहेत. शाळकरी मुलांपुरते बोलायचे, तर या एका वाक्यात त्यांतला चार आणे भाग येऊन जातो.

उरलेले बारा आणे मात्र घाम काढतात. त्यातही सर्वांत जास्त घाम काढतात ती आधीच 'शिकून' आलेली मुले. साभिनय कविता म्हणण्याच्या स्पर्धा आपल्याकडे बालवाडीपासून असतात. 'आकाश' म्हटले की बोट वर, 'मन' म्हटले की तळवा छातीवर, 'दूर' म्हटले की हात लांब, आणि 'आई' म्हटले की मान तिरकी. अशी मुलगी आठवीत माझ्याकडे येई तेव्हा तिच्या घरी काचेचे एक कपाट भरून ढाली आणि करंडक असत. तिचे हात रिकामे नसत हे खरे, पण ते शब्दांची हमाली करीत असत. तोंडाने जे सांगितले तेच हाताने पुन्हा सांगायचे, जणू समोर बसलेले लोक बहिरे आहेत. वस्तुतः बहिऱ्यांची खुणांची भाषा याहून कितीतरी शहाणी असते.

यावर माझा उपाय घरगुती होता. हिवाळ्यात मी पिशवीतून पाव किलो मटार नेत असे आणि त्या मुलीपुढे ठेवीत असे. "हे सोल, आणि सोलता सोलता कविता म्हण." पहिल्या कडव्याला तिची फार ओढाताण होई. 'आकाश' म्हटले की हात वर जाऊ पाही आणि दाणे घरंगळत. तिसऱ्या कडव्याला शेंगांचा आणि शब्दांचा मेळ बसे. आणि कधी कधी असे होई की, एका ओळीशी तिचे हात आपण होऊन थांबत. दाणा बोटांतच राही. त्या थांबण्यात जो अर्थ असे, तो तिच्या कपाटातल्या एकाही ढालीत नसे. (सोललेल्या मटारांची उसळ सोमवारी शिक्षकखोलीत होत असे. त्यामुळे माझ्या नाट्यवर्गाला सहकाऱ्यांचा पाठिंबा निदान हिवाळ्यात तरी भरघोस असे.)

आवाजाची गोष्ट याहून बिकट. आमचे सभागृह म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबोडकी खोली. डोक्यावर सहा पंखे, बाहेर रस्ता. मुलांना 'मोठ्याने बोल' म्हटले की ती गळ्याच्या शिरा ताणून ओरडतात. दोन तालमींत घसा बसतो आणि मग घरून हळदीचे दूध सुरू होते. ओरडणे वेगळे आणि पोचवणे वेगळे. मी मुलांना सतरंजीवर उताणे निजवीत असे आणि प्रत्येकाच्या पोटावर त्याचेच भूगोलाचे पुस्तक ठेवीत असे. श्वास घेतला की पुस्तक वर आले पाहिजे, छाती नव्हे. भूगोलाचा इतका जिव्हाळ्याचा उपयोग दुसऱ्या कोणत्याही तासाला झाला नसेल. मग ओठ मिटून 'म्' चा गुंजारव, मग शेवटच्या बाकावरच्या मित्राला एक गुपित सांगायचे: कुजबुजल्यासारखे, पण त्याला अक्षरन् अक्षर कळले पाहिजे असे. यात व्यंजनांना जागे व्हावे लागते. एरवी आपली मुले व्यंजने पानातल्या कढीलिंबासारखी बाजूला काढून ठेवतात.

आणि एक खास मराठी संकट आहे. श्वास पुरत नाही म्हणून मुले वाक्याचा शेवट गिळतात. आता काही भाषांत वाक्याची शेपटी गिळली तरी फारसे बिघडत नाही. आपल्या भाषेचा जीव मात्र शेपटीतच असतो. क्रियापद शेवटी, आणि 'नाही' त्याच्याही शेवटी. एका वर्षी आमच्या नाटकाचा नायक आईच्या गळ्यात पडून म्हणाला, "आई, मी हे घर कधी सोडणार नाही." त्यातले 'नाही' त्याच्या घशात राहिले. लोकांना ऐकू आले ते "आई, मी हे घर कधी सोडणार?" तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारले, "का हो, काय त्रास आहे त्याला?" तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियमच झाला: वाक्याचे शेवटचे अक्षर भिंतीला लागून परत आले पाहिजे.

मुलग्यांच्या बाबतीत या वयात आणखी एक भानगड असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो. काल गोड गाणारा मुलगा आज एका वाक्यात दोन माणसांसारखा बोलतो, आणि वर्ग हसतो. नाटक मंडळ्यांच्या काळात, जेव्हा स्त्रियांची कामे मुलगेच करीत, तेव्हा चांगल्या पोराचा आवाज फुटू लागला की मालकाच्या पोटात गोळा येत असे. आपल्याला तो व्याप नाही. अशा मुलाला दोन-चार महिने मुळीच ओरडायला लावू नये, जो सूर सोपा जाईल त्यात बोलू द्यावे आणि हसणाऱ्यांना खिडक्यांचे गज मोजायला लावावे, एवढे पुरते.

मंडळ्यांचे नाव निघाले म्हणून सांगते. आपल्याकडे नाट्यशिक्षण ही काही नवी टूम नव्हे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस 'सीतास्वयंवर' केले तेव्हापासून तालीम आहेच. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल तालीम देत. गणपतराव बोडस काय, १९०५ साली मंडळीत आलेले बालगंधर्व काय, त्यांच्या तालमीतूनच गेले. फक्त तेव्हा शिकायचे ते पोटासाठी, आणि घर सोडून. शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी नाटक ही गोष्ट पुष्कळ उशिरा आली. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'मधुमंजिरी' बसवले आणि बालरंगभूमी डौलाने उभी राहिली. पाठोपाठ रत्नाकर मतकरींच्या राक्षसांनी आणि चेटकिणींनी सुटीतल्या दुपारी काबीज केल्या. कॉलेजच्या मुलांसाठी १९६३ पासून पुण्यात पुरुषोत्तम करंडक आला. १९८६ मध्ये मोहन आगाशे यांनी बर्लिनहून ग्रिप्सची पद्धत आणली. तीत मोठी माणसे लहान मुलांची कामे करतात आणि राजाराणीऐवजी घरातल्या, शाळेतल्या खऱ्या अडचणींबद्दल बोलतात.

हे सगळे उत्तमच झाले. पण माझी मुले यांत कुठे बसतात? चेटकिणीला भिण्याचे वय गेलेले आणि कॉलेजच्या एकांकिकांतले प्रेमभंग अजून यायचे आहेत, असे हे मधले वय. मिशी फुटत असते आणि आईच्या कुशीत शिरावेसे वाटत असते. आरशासमोर तासन् तास काढायचे आणि फोटो काढायची वेळ आली की तोंड लपवायचे. नाटकाची खरी गरज असते ती या वयाला, आणि बहुतेक नाट्यवाङ्मय त्याला चुकवून दोन्ही बाजूंनी निघून जाते.

या वयासाठी मला हाती लागलेले सर्वांत उपयोगी साधन शंभर वर्षांहून जुने आहे. ते म्हणजे दिवाकरांच्या नाट्यछटा. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, हे पुण्याचे शाळामास्तर. १९११ पासून त्यांनी नाट्यछटा लिहिल्या आणि १९३१ साली, पुरती पंचेचाळिशीही न गाठता, ते गेले. ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी कवितांवरून त्यांना हा घाट सुचला. एकच माणूस बोलतो. समोरचा दिसत नाही, ऐकू येत नाही. पण तो काय म्हणाला ते बोलणाऱ्याच्या शब्दांवरून आपल्याला कळते. छापील पानावर या न दिसणाऱ्या माणसाची जागा टिंबांनी दाखवलेली असते, आणि स्पर्धेला आलेली मुले त्या टिंबांवरून आगगाडी लहान स्टेशनांवरून जावी तशी भरधाव जातात.

आम्ही त्या प्रत्येक स्टेशनावर गाडी उभी करीत असू. समोर खरोखरच एक मुलगा बसवायचा. पुस्तकात नसलेले त्याचे बोलणे त्याने कानात कुजबुजल्यासारखे बोलायचे. बोलणाऱ्याने ते ऐकायचे, समजून घ्यायचे आणि मग पुढचे वाक्य. आठवडाभराने समोरचा मुलगा उठवायचा, खुर्ची रिकामी ठेवायची. पण ऐकणे तसेच चालू राहिले पाहिजे. एका वर्षी मी समोर जरा बडबड्या मुलाला बसवले, तर चार मिनिटांची नाट्यछटा अकरा मिनिटांवर गेली. पण त्या अकरा मिनिटांत बोलणाऱ्या मुलाला जन्मात प्रथमच कळले की, समोरच्याचे ऐकताना आपला चेहरा आपण न हलवता हलतो. नाटक म्हणजे बोलणे, अशी मुलांची समजूत असते. साधा हिशेब करावा: रंगमंचावर दहा माणसे असली तर एका वेळी एकच बोलतो आणि नऊ ऐकत असतात. मग आपण तालीम घेतो ती त्या एकाचीच का? घरोघरीही हाच हिशेब लागू पडेल. पण तो विषय वेगळा आणि नाजूक आहे.

रशियन नाट्याचार्य स्तानिस्लाव्हस्की यांच्या एका पुस्तकाचे 'अभिनय साधना' या नावाने के. नारायण काळे यांनी मराठी केले आहे. ते मी मोठ्या मुलांना गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचून दाखवीत असे. त्यात एक विद्यार्थिनी आहे. पडद्यात खोचलेली पिन शोधायचा प्रसंग तिला करायचा असतो. ती धावते, डोके धरते, उसासे टाकते, पडदे ओढते आणि आपण फार छान केले या आनंदात खाली येते. गुरुजी विचारतात, पिन कुठे आहे? ती विसरलेलीच असते! मग गुरुजी सांगतात की, पिन सापडली नाही तर शाळा सोडावी लागेल. आता ती खरोखर शोधू लागते, घडीन् घडी तपासते, आणि पाहणाऱ्यांचा श्वास अडकतो. ही गोष्ट ऐकून आमच्या वर्गात एक म्हणच पडली होती. कोणी उगाच हातवारे करू लागला की मागून हळूच आवाज येई, "पिन सापडली का रे?"

आता एक जरा जड गोष्ट सांगते. मी निवृत्त व्हायच्या थोडी वर्षे आधीची आहे.

आमच्या मुलांनी आपापसात बोलून, प्रसंग रचून एक एकांकिका तयार केली होती. रात्रपाळीला जाणाऱ्या बापासाठी मुलगी डबा भरते आहे. बाप दुपारी बाहेर गेला आहे, तो येईल आणि डबा घेऊन जाईल. त्याऐवजी शेजारचे काका येतात आणि तो आता येणार नाही, हे सांगतात. नववीतल्या एका मुलीने मुलीचे काम आपण होऊन मागितले. तिचे वडील आदल्या वर्षी गेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. मी तिच्या आईला बोलावून घेतले. आई म्हणाली, "बाई, घरी ती त्यावर एक शब्द काढत नाही. इथं करावंसं वाटतंय, तर करू दे तिला." मी मुलीला दुसरे कामही देऊ केले होते. तिला हेच हवे होते.

स्पर्धा मोठी होती, म्हणून शाळेने मदतीला बाहेरून एक तरुण दिग्दर्शक आणले. हुशार माणूस, कामाला वाघ. तालीम पाहून ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, मुलगी फार आवरून करतेय. तिला त्या दिवसाची आठवण करायला सांगा ना. फोन आला तेव्हा कुठं उभी होती, कसला वास येत होता, अंगावर कुठला फ्रॉक होता. सगळं आपोआप येईल बघा. स्तानिस्लाव्हस्कीनंच सांगितलंय."

स्तानिस्लाव्हस्कीने सांगितले आहे, हे खरे. भावस्मृतीची ही कल्पना त्याने रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाकडून घेतली. पण ती त्याने सांगितली मोठ्या, कसलेल्या नटांना. आणि १९३८ साली वारण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षांत त्याने स्वतःच आपला भर दुसरीकडे नेला. भावनेला हुकूम सोडता येत नाही, हाताला सोडता येतो. म्हणून नटाने साध्या, खऱ्या शारीरिक कृतीला धरावे आणि भावनेला तिच्या पावलांनी येऊ द्यावे, असा त्याचा रोख झाला. हे सगळे मी त्या गृहस्थांना सांगितले. पण मला खरे म्हणायचे होते ते एवढेच, आणि तेही मी म्हणाले: "खपली धरू द्या की हो आधी."

"पण मग रडू खरं कसं येणार?"

"नाही आलं, तर नाही येणार. नाटक होईल."

प्रकरण मुख्याध्यापिकांपर्यंत गेले. त्यांनी दोन्हीकडचे ऐकून घेतले आणि 'वर्ग बाईंचा आहे' एवढे म्हणून फाइल उघडली. दिग्दर्शक चार दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते. पण ते सोडून गेले नाहीत, आणि प्रकाशयोजना त्यांनी फार मनापासून केली, हे सांगितलेच पाहिजे.

मुलीला मी दुःखाबद्दल एक अक्षर बोलले नाही. मी तिला डब्याबद्दल बोलले. डबा तीन पुडांचा. आमटी खाली, भाजी मध्ये, पोळ्या वर. आमटी म्हणून खरोखरचे पाणी. काका बोलत असतानाही भरणे थांबवायचे नाही. कडी नीट लागली पाहिजे, एक थेंब सांडता कामा नये, कारण त्यांना तो घेऊन बसने लांब जायचे आहे. तालमीत ती दर वेळी विचारी, "बाई, काकांनी सांगितल्यावर मी काय करू?" मी दर वेळी तेच सांगे, "कडी लाव."

प्रयोगाच्या दिवशी कडी लागेना. मुळातच ती सैल होती. काकांचे वाक्य झाले, आणि मुलीने कडी ओढली, ती निसटली. पुन्हा ओढली, पुन्हा निसटली. तिने डबा मांडीशी धरला, पुडे एकावर एक नीट बसवली, अंगठ्याने दाब दिला आणि तिसऱ्यांदा लावली. मग फडक्याने पुसून तो दाराशी, चपलांच्या शेजारी नेऊन ठेवला, रोज ठेवत असावी तसा. ती रडली नाही. त्या सभागृहात सहाशे माणसे होती, आणि खुर्चीची कुरकूरसुद्धा ऐकू आली नाही.

परीक्षकांच्या शेऱ्यांत लिहिले होते, "कळसाच्या प्रसंगी मुलीच्या चेहऱ्यावर भाव अधिक ठळक हवे होते." अभिनयाचे बक्षीस दुसऱ्या शाळेला गेले. आम्हाला मिळाले ते प्रकाशयोजनेचे. दिग्दर्शकांनी ते माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "बाई, मी विंगेतून तिच्यावरचा दिवा कमी करायचा होता, तो करायला विसरलो." एवढेच. आम्ही दोघांनी त्यावर अधिक बोलणे केले नाही.

डबा माझ्या सामानाच्या पेटीतला नव्हता. पहिल्या तालमीला तो तिनेच घरून आणला होता, आणि कोणाचा हे मी विचारले नव्हते. प्रयोगानंतर तिची आई आत आली. तिने डबा उचलला, उघडला, आतले पाणी मोरीत ओतले, पदराने तीनही पुडे कोरडी केली. "कडी सैल झालीय याची," ती म्हणाली. "बदलून आणते."

"नको," मुलगी म्हणाली. "मला लावता येते ती."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी वऱ्हांड्यातून चालले होते. ती मैत्रिणींच्या घोळक्यात पायरीवर बसली होती. मांडीवर तोच डबा, त्यात पोळीभाजी. एका हाताने घास घेत आणि दुसरा हात हवेत नाचवीत ती कोणाची तरी नक्कल करीत होती, आणि पोरी हसून हसून पडत होत्या. मला पाहताच सगळ्या एकदम गप्प झाल्या, त्या अर्थी नक्कल बहुधा माझीच असावी.